रस्ता क्रमांक तीन

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

ही वही दिवाळीआधी घेतली होती, ती कोरीच राहिली. आज पहिलं पान लिहिते, कारण आज मला पहिला अख्खा लेआउट मिळाला.

सात महिने झाले या ऑफिसात. आतापर्यंत कुणाच्या घराचा जिना, कुणाच्या दुकानाचा पोटमाळा, असंच काहीबाही ट्रेस करत होते. आज मानसिंगराव साहेबांनी माझ्या टेबलावर गुंडाळी ठेवली आणि म्हणाले, "बाई, हा मडिवाळप्पांच्या सोसायटीचा. एकशे बारा प्लॉट. शुक्रवारी मंजुरीला गेला पाहिजे. ट्रेसिंगच्या कापडावर उतरवा, आणि शाई फिसकटू देऊ नका."

विजापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला चौदा एकर जमीन आहे. मूळ मालक मडिवाळप्पा, आता सोसायटीचे चेअरमनही तेच. सभासद बहुतेक गिरणीतले. ज्यांनी जन्मभर एका खोलीत काढली त्यांना अंगण मिळणार, असं साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर घरमालकीण अक्कम्मा दारातच. पुढच्या दोन खोल्यांत तिच्या मुलांचे माग चालतात, मागची खोली माझी. "जेवलीस का गं, अम्मायी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. रोज हेच विचारते; अम्मायी म्हणजे तिच्या तेलुगूत मुलगी. मी स्टोव्ह किती वेळ पेटवते, त्यावर तिची नजर असावी.

बुधवार, २० नोव्हेंबर

मधला मोठा रस्ता बारा मीटरचा, बाकीचे नऊ मीटरचे. कोपऱ्यावरच्या प्लॉटांचे कोन कापून गोल केले आहेत, म्हणजे वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसावं. पूर्वेला मुलांना खेळायला मोकळी जागा. साहेबांचं पेन्सिलीचं काम फार सुबक असतं. ट्रेस करताना मला आपण त्या रस्त्यांवरून चालतोय असं वाटत होतं. लोक नसलेल्या गावात फिरावं तसं.

दुपारी एक अडचण निघाली. रस्ता क्रमांक तीन उत्तरेच्या हद्दीकडे जातो, पण हद्दीला टेकत नाही. मधे केसाएवढी जागा राहते. भिंगातून मोजली. पाचशेला एक या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त, म्हणजे जमिनीवर एक फूट. आधी वाटलं साहेबांची पट्टी सरकली असेल. मग क्षेत्रफळाचा तक्ता बेरीज करून पाहिला. प्लॉट, रस्ते, मोकळी जागा सगळं मिळून सातबाऱ्याच्या क्षेत्रापेक्षा २.७ चौरस मीटर कमी भरतं. नऊ मीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब. बरोबर तेवढीच ती फट!

साहेब पुण्याला गेलेत, उद्या रात्री येणार. प्रिंट काढणाऱ्या धोंडीरामकाकांना विचारलं. ते अमोनियाच्या पेटीपाशी डोळे पुसत उभे होते. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "कागदावर जे हाय ते कापडावर आणायचं. फटीत डोकं घालायचं न्हाय."

पण नियमांची पुस्तिका माझ्या खणात असते. त्यात स्पष्ट आहे. शेजारच्या जमिनीला दुसरी वाट नसेल तर आतला रस्ता तिच्या हद्दीपर्यंत नेऊन टेकवायचा. उत्तरेच्या गटाला मोजणीच्या नकाशात तरी वाट दिसत नाही. मग मी शाईची रेघ हद्दीपर्यंत नेली आणि २.७ चौरस मीटर रस्त्यांच्या क्षेत्रात मिळवले. बेरीज शून्यापर्यंत जुळली. इतकं बरं वाटलं, की पाणी पिऊन आले.

साहेब आले की सांगायचं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सांगायचं राहिलं. साहेब आले ते चार माणसं घेऊनच. कापड उलगडलं, "छान, छान" म्हणाले आणि सही केली. मी दोनदा "साहेब, एक" म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. अकराच्या आत नकाशे गेले.

जुळवलेली बेरीज चुकीची कशी असेल? पण विचारल्याशिवाय केलं, हे खरं.

आप्पा मोजणी खात्यात होते. आई गेल्यावर मला कुणाकडे ठेवणार, म्हणून माढ्याहून जिथं मोजणी असेल तिथं बरोबर न्यायचे. मी अक्षरं त्यांच्या फील्डबुकात शिकले आणि शंभरपर्यंत आकडे साखळीच्या कड्यांवर. आकडा चुकला की आप्पा रागवत नसत, नुसते साखळी उचलून परत आरंभाच्या दगडापाशी जाऊन उभे राहत. ते मला मारापेक्षा वाईट वाटायचं. शाळेत बसले ती एकदम पाचवीत. तिथल्या मुलींना एकमेकींच्या वेण्या घालता यायच्या, मला बांध ओळखता यायचे. त्यामुळे मैत्रिणी अशा झाल्या नाहीत.

आज परत जाऊन उभं राहायला दगड नाही. कापड गेलं.

रविवार, १ डिसेंबर

राहवेना म्हणून सकाळी जागेवर गेले. सिटीबसनं शेवटपर्यंत आणि पुढे चालत. चौदा एकरांत नुसतं कुसळ. मी पावलांनी मोजत रस्ता क्रमांक तीनवरून उत्तरेला गेले. हद्दीवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात एक खिंडार. खिंडारात एक बाई काठी घेऊन उभी.

"कोन गं तू? एकलीच काय मोजतीयास?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं. तिचं नाव मायाक्का. नवरा येडू खाटेवर बसून होता, त्याचा गुडघा धरलेला. सहा एकर रान, एक विहीर, सव्वीस मेंढरं. एका अंगाला ओढ्याची दरड, दुसरीकडे रेल्वेचा भराव, मागे दगडाची खाण. बाहेर पडायचं ते याच खिंडारातून, मडिवाळप्पांच्या रानातून. तिच्या सासऱ्यापासून असंच चालत आलंय.

"आता हितं घरं व्हनार म्हनं," मायाक्का म्हणाली. "मग आमी कुटनं जायाचं? त्यो चेअरमन दोनदा येऊन गेला. रान दे म्हनतोय. न्हाईतर कोंडून बसाल म्हनतोय. खरं हाय व्हय?"

मला एकदम आनंद झाला. मी खाली बसून काठीनं मातीत रस्ता काढून दाखवला. म्हटलं, "हा नऊ मीटरचा रस्ता तुमच्या कुंपणापर्यंत येणार आहे. इथं, या खिंडारापाशी. मंजूर झाला की तो सगळ्यांचा. कुणाला अडवता येणार नाही."

"कागदावर हाय नव्हं?"

"आहे. मीच काढलाय."

येडू खाटेवरून म्हणाला, "पोरगी काडती व्हय रस्ता? लई झालं."

"तुला तर दारापासनं खाटंपर्यंतची वाट काडाय येत न्हाय. तू गप," मायाक्का म्हणाली. मला तिनं पितळीत ताक दिलं. येताना लांबपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता, मेंढरांना शिव्या देत होती.

गेल्या महिन्याभरात मी कुणाशी एवढं बोलले नव्हते.

रविवार, १५ डिसेंबर

काही विशेष नाही. आप्पांचं पत्र. अक्षर वाकडं झालंय, ओळी उतरत्या. थंडीनं हात आखडत असेल. लिहितात, तुझं काम कुणी तपासतं का? तपासणारा असावा.

काल ऑफिस सुटल्यापासून आत्तापर्यंत कुणाशी बोलले नाही. अक्कम्मानं विचारलं तेवढंच. तिनं आज मक्याच्या कण्यांचं काहीतरी वाटीत घालून आणलं होतं. जास्त झालं म्हणाली. दर रविवारी तिचं काहीतरी जास्त होतं. अंदाज येत नसावा तिला.

बुधवार, ८ जानेवारी १९७५

लेआउट मंजूर होऊन आला. वर एकही शंका निघाली नाही. साहेबांनी पेढे आणले. मडिवाळप्पा गावाला गेलेत, आले की दगड रोवायला सुरुवात. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ही बाई म्हणजे भिंग आहे भिंग." धोंडीरामकाकांनी माझ्या वाटणीचा दुसरा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "भिंगानं आग बी लागती, साहेब."

सगळे हसले. मीही.

सोमवार, १३ जानेवारी

आज भोगी. उद्या गड्ड्याच्या जत्रेत मानाच्या काठ्यांची मिरवणूक निघेल. अक्कम्मानं बरोबर चल म्हणून दोनदा सांगितलं, त्यांच्या घरातल्या सगळ्या बायका जाणार आहेत. मी काम आहे म्हटलं. काम नव्हतं. एवढ्या बायकांत मी कुणाच्या शेजारून चालायचं ते मला ठरवता येत नाही.

माग बंद आहेत. शांततेची सवय राहिलेली नाही, झोप येत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुपारी मडिवाळप्पा आले. मंजूर प्रिंट टेबलावर पसरली, खिशातून घडीचं भिंग काढलं आणि बरोबर रस्ता क्रमांक तीनवर ठेवलं. दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मानसिंगराव, माझा फूट कुठंय?"

साहेबांनी पाहिलं. मग मूळ पेन्सिलचा कागद मागवला. दोन्ही शेजारी ठेवले. मी माझ्या टेबलापाशी उभीच होते.

"इथं ठेवलेला की नाही? आपलं काय ठरलं होतं?" मडिवाळप्पा ओरडत नाहीत, हळू बोलतात. "आता रस्ता पार त्या धनगराच्या दारात. मी काय त्याच्या मेंढरांसाठी रस्ते बांधू?"

"ट्रेसिंगमधे गेलेलं दिसतंय," साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, ते मी केलं. तक्त्यात २.७ कमी..."

"बाई, तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर थांबले. अर्ध्या तासानं मडिवाळप्पा बाहेर पडले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "लेकराची चूक. दुरुस्त होते. काय?" आणि गेले. साहेबांनी मग शांतपणे सांगितलं. नव्यानं सुधारित नकाशा पाठवला तर वर चौकशी होते, वेळ जातो. त्यापेक्षा ट्रेस करणारानं चूक लिहून दिली तर शुद्धिपत्रकावर भागतं. "चारच ओळी. ट्रेसिंग करताना अनवधानानं रेघ पुढे गेली, मूळ आराखड्याप्रमाणे वाचावे. बस. तुमच्या नोकरीला काही होणार नाही. मी आहे."

मी हो म्हटलं. चूक झाली तर लिहून देणं हे बरोबरच आहे.

शनिवार, १८ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत धोंडीरामकाकांना विचारलं, एक फूट जमीन घेऊन मडिवाळप्पा करणार काय? एका फुटात तुळससुद्धा नीट लागत नाही.

काकांनी भाकरी खाली ठेवली. "खरंच कळंना का तुमाला?"

"नाही."

"रस्ता सरकारचा, पर त्या येका फुटावर सातबारा मडिवाळप्पाचा. मागचा गडी रस्त्यावर पाय ठेवाय निघाला, की आदी मडिवाळप्पाच्या रानात पाय पडतोय. आडवायचा हक्क आला की न्हाय? चार वर्सं आडवायचं. मग त्यो गडी आपसूक म्हनतो, घ्या बाबा रान, काय द्याचं ते द्या. आमच्या मोडनिंबात येकानं वीत ठेवली व्हती, वीत. ह्यो बिचारा फूट ठेवतोय."

"पण नियमात रस्ता टेकवायला सांगितलंय."

"म्हनून तर केसाएवढा ठेवतात, वरच्या डोळ्याला दिसू न्हाय म्हनून." ते माझ्याकडे बघत राहिले. "ती पट्टी दिसली फकस्त तुमाला. आन् तुमी ती पुसली. मास्तरीणबाई, तुमचं काय करावं!"

मला पुढे डबा खाववेना.

म्हणजे साहेबांची पट्टी सरकली नव्हती. त्यांनी ती फट मुद्दाम ठेवली. तक्त्यातला आकडाही मुद्दाम. मी नऊ महिने ज्यांच्या पेन्सिलीकडे बघून शिकले त्यांनी.

रविवार, १९ जानेवारी

मायाक्काकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते, की रस्ता येणार नाही, मी बोलले ते विसरा.

तिनं लांबूनच हाक मारली. "ये की, रस्तेवाली!" कुंपणाचं खिंडार दुप्पट मोठं केलं होतं. बाभळीचे काटे काढून एका बाजूला रचले होते. म्हणाली, "गाडी जायाला पायजे म्हनून तोडलं." मग आवाज खाली आणून सांगितलं. परवा चेअरमन पुन्हा आला होता, शेवटचं विचारतो म्हणाला. येडू खाटेवरून उठून उभा राहिला, गुडघा धरलेला असताना. म्हणाला, रान इकायचं न्हाय. आमाला रस्ता हाय. कागदावर हाय.

"तुज्यामुळं त्वांड उघडलं त्यानं. न्हाईतर आंगठा मारून मोकळा झाला असता."

येडू कौतुकानं माझ्याकडे बघत होता. मी ताक प्यायले. सांगायला आले होते ते राहिलंच. मेंढरांची नावं विचारली. मेंढरांना नावं नसतात, ती म्हणाली, आणि हसली.

परत येताना रस्ता क्रमांक तीनवर बसून राहिले. अजून ते कुसळच आहे.

आता तीन गोष्टी आहेत. साहेब सांगतात ते लिहिलं तर नोकरी राहते आणि मायाक्का कोंडली जाते. काहीच लिहिलं नाही तर मी माझी चूक लपवली असं होतं, कारण मूळ कागदात फट होती हे खरं, मी ती विचारल्याशिवाय भरली हेही खरं. तिसरी गोष्ट म्हणजे जे झालं ते सगळं लिहायचं. पण त्यातही कबुली आहेच, आणि मूळ आराखड्याप्रमाणे वाचावे म्हटलं की फट परत येणार. म्हणजे तिन्हीकडून, एक तर मी खोटी ठरते नाही तर ती बाई बुडते. कुणाला विचारू? आप्पांना पत्र पोचून उत्तर यायला आठ दिवस.

"जेवलीस का?" अक्कम्मानं विचारलं. मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच नाही म्हटलं. ती ताट वाढून घेऊन आली आणि मी जेवून होईपर्यंत उंबऱ्यावर बसली. बहुतेक ताट परत हवं असेल.

सोमवार, २० जानेवारी

चार ओळी लिहायला बसले. "अनवधानाने" या शब्दापाशी हात थांबला. अर्धा दिवस भिंग लावून पाहिलं, दोनदा बेरीज केली, पुस्तिका उघडली. याला अनवधान म्हणता येणार नाही. मी तो शब्द गाळून लिहिलं, "माझ्या हातून रेघ पुढे गेली." साहेब म्हणाले, "हातून कशी गेली ते लिहा, अनवधानानं." मी म्हटलं, तसं झालं नाही. "मग कसं झालं?" मी म्हटलं, लिहून आणते.

ते हसले. "आणा. पण चार ओळी."

मंगळवार, २१ जानेवारी

रात्री लिहिलेलं आधी इथं उतरवून ठेवते:

"रस्ता क्रमांक तीन मूळ पेन्सिल आराखड्यात उत्तर हद्दीपासून तीस सेंटिमीटर अलीकडे थांबवलेला होता. ही जागा प्लॉट, रस्ता किंवा मोकळी जागा यांपैकी कशातही दाखवलेली नव्हती आणि तक्त्यातही धरलेली नव्हती. त्यामुळे बेरीज सातबाऱ्यापेक्षा २.७ चौरस मीटर कमी येत होती. उत्तरेच्या गटाला दुसरी वाट नाही आणि अशा वेळी रस्ता हद्दीला टेकवावा असा नियम आहे. म्हणून मी रेघ हद्दीपर्यंत नेली आणि तक्ता दुरुस्त केला. हे करताना मी साहेबांची परवानगी घेतली नाही. ही माझी चूक आहे. ती जागा मुद्दाम ठेवली होती हे मला नंतर कळले."

शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर पहाटेपर्यंत विचार केला. पण कळलं हे खरं आहे. घातलं.

लिहून झाल्यावर रडले. आपल्या हातानं त्या बाईचं दार लावलं असं वाटत होतं.

सकाळी साहेबांच्या आधी धोंडीरामकाकांनी वाचलं. वाचता वाचता त्यांना ठसका लागला. "हे तुमी येकट्यानी लिवलं?" मी हो म्हटलं. "देवा," ते म्हणाले आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला. माझी चूक एवढी मोठी असेल याचा मला तोपर्यंत अंदाज नव्हता.

साहेबांनी वाचलं. उठून दार लावलं, परत वाचलं.

"तक्त्याचं कशाला लिहिलंत?"

"त्यावरूनच मी ठरवलं होतं, साहेब."

"नियमाचं?"

"तोही होता म्हणून."

"बाई, तुम्ही भोळ्या आहात की" असं म्हणून थांबले. मग विचारलं, "याची नक्कल आहे कुठं?"

"माझ्या वहीत आहे."

ते उठून खिडकीपाशी गेले. मग कागद फाडला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. टोपलीत टाकले नाहीत. मी म्हटलं, पुन्हा नीट लिहून देते. ते म्हणाले, नको. काही लिहू नका. कुणाला काही लिहू नका.

संध्याकाळी बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. राग नव्हता. उलट स्वतःच्या हातानं प्रमाणपत्र लिहून दिलं, "अत्यंत काळजीपूर्वक व प्रामाणिक काम." शेवटी म्हणाले, माढ्याला तुमच्या आप्पांकडेच राहिलात तर बरं. चूक करून कामावरून काढलेल्या मुलीला एवढं चांगलं प्रमाणपत्र का दिलं, ते मला कळत नाही. दया आली असावी.

बुधवार, २२ जानेवारी

दहा वाजता तयार होऊन बसले. मग लक्षात आलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

उद्या सकाळच्या एस.टी.नं माढ्याला जाणार. ट्रंक भरली. दोन आठवड्यांत दोन ठिकाणी विचारलं. प्रमाणपत्र वाचून दोघंही म्हणाले, एवढं चांगलं होतं तर सोडलं कशाला?

मायाक्काला न सांगता जाणं बरोबर नव्हतं. सकाळी गेले.

लांबूनच माणसं दिसली. दगड रोवायचं काम चालू होतं. ज्ञानबा नावाचे मुकादम प्रिंट हातात घेऊन उभे होते. रस्ता क्रमांक तीनचे दगड दोन्ही बाजूंनी ओळीत गेलेले, आणि शेवटची जोडी पार कुंपणाला लागून. मी जवळ जाऊन वितीनं मोजलं. फट नव्हती. ज्ञानबांना म्हटलं, हे एक फूट अलीकडे नको का?

"का बरं? कागदात हद्दीला टेकलाय की." त्यांनी प्रिंट दाखवली. माझीच. उत्तरेच्या बाणाच्या शेपटाला माझ्या हातानं बारीक ठिपका पडलाय, तो होता. खाली तारीख कालची. "दुरुस्ती काही आली नाही?" मी विचारलं. "कसली दुरुस्ती?" ते म्हणाले.

शुद्धिपत्रक अजून पोचलं नसावं.

मायाक्का खिंडारातच होती. मी या वेळी थांबले नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टीचं, फुटाचं, मी काय लिहून दिलं त्याचं. म्हटलं, "माझ्या लिहिण्यानं हे दगड उद्या मागे जातील. मला क्षमा करा. मी खोटं लिहू शकले नाही."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "थांब. काय काय लिवलंस? परत सांग."

मी पाठ म्हटलं.

"म्हंजी, त्येनं चोरून फूट ठिवला व्हता, हे बी लिवलंस? आमाला दुसरी वाट न्हाय, आन् टेकवायचा नेम हाय, हे बी?"

"हो. जे होतं ते सगळं."

"आन् त्यो कागूद सायेब वर दावंल?"

"दाखवायलाच मागितला होता त्यांनी."

मायाक्का आधी तोंडावर पदर धरून हसली. मग काठी टाकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आवं, ऐकलं का," तिनं येडूला हाक मारली, "हिनं चोरालाच सांगिटलं, जा, चवकीवर जाऊन तुजी चोरी वाचून दाव!" येडूला नीट ऐकू गेलं नाही, तोही हसला.

मी फाडलेल्या कागदाचं सांगितलं. खिशात ठेवलेल्या तुकड्यांचं. प्रमाणपत्राचं.

तिचं हसणं थांबलं. "तुजी नोकरी गेली व्हय?"

"हो."

ती उठली आणि तिच्या खरखरीत हातानं माझा गाल पुसला. मी रडत नव्हते, तरी पुसला. "जात न्हाईत ते दगूड आता कुटं," ती म्हणाली. मला अजून खात्री वाटत नाही. पण ती मोठी आहे आणि माणसं तिनं माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत.

मग तिनं मेंढरं सोडली. सव्वीसच्या सव्वीस दोन दगडांमधून बाहेर पडली, नऊ मीटरच्या रस्त्यावर एका कडेला चिकटून, जुन्या पायवाटेनंच. मी तरी बाजूला सरकून उभी राहिले.

"घरं उटली की ये हितं," ती जाता जाता म्हणाली. "दिवं लागतील, लोकं येतील. तुजा रस्ता बघाय ये."

मी येईन म्हटलं. माढ्याला जातेय हे सांगितलं नाही.

संध्याकाळी अक्कम्मा ट्रंकेवर बसून राहिली होती. भाडं दिलं तर घेईना. मी हिशेब बरोबर आहे म्हटलं, तर तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि उठून आत गेली. तिला भाडेकरू जातेय म्हणून राग आला असेल. दुसरी कुणी बघून देते म्हणायला हवं होतं. आता पुढच्या खोलीतले माग थांबलेत आणि ती स्वयंपाकघरात एवढ्या उशिरा काहीतरी लाटतेय, बांगड्यांचा आवाज येतोय. उद्या त्यांच्याकडे कुणीतरी प्रवासाला जाणार असावं.